अर्जावरचं मधलं नाव

लक्ष्मीबाई नगर, दिल्ली
बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४

बापाच्या सरकारी खात्यावर तक्रार करायची होती, तर निदान बापाचं नाव तरी त्यात घालायचं नव्हतंस. तुझ्या त्या एका सहीपायी घरात कोणी पोटभर जेवत नाही.

चि. अमोल यास आजीचे आशीर्वाद. रागात आहे, म्हणून जरा कमी.

घरचे फोन का उचलत नाहीत असं तू बहिणीला, अक्षताला, विचारलंस म्हणे. तुझ्या बापाला वाटतं, फोन कोणीतरी ऐकतंय. म्हणून मी चौथी शिकलेली बाई पेन घेऊन बसले. तीच नोएडाला कॉलेजात येते, तिच्या हाती हे धाडते. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मला समजलं ते असं. द्राक्षाच्या पानांवर किती ओल साचते त्याचे आकडे तुझ्या बापाचं खातं गोळा करतं. ते विकत घेऊन तुमची कंपनी बागवाल्यांना फोनवर कळवते, रोग येतोय, औषध मारा. आता खात्यानं तो धंदा स्वतःच मांडला, तोही निम्म्या भावात. तुमचं गिऱ्हाईक पळालं. मग तुम्ही कंपनीवाले मिळून स्पर्धा आयोगाकडे गेलात, की सरकार तोट्यात विकून आम्हाला मारतंय. जा की. तुमचं भांडण खरंही असेल. पण इथली माणसं सहीखाली दोन नावं लिहितात, तू तीन लिहिलीस. अमोल गुलाबराव भोईटे. साहेबानं ते वाचलं आणि तुझ्या बापाला आत बोलावलं. अर्जात लिहिलेला तोट्याचा आकडा खात्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हता, तो कंपनीत कसा पोचला, असं विचारलं. आता त्याला घरी बसवलंय. दोघं येऊन त्याचा कॉम्प्युटर घेऊन गेले. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

रिटायर व्हायला त्याला वर्षही उरलं नाही. खाली गाडी थांबली की तो बाल्कनीतून आत येतो. जिन्यात पावलं वाजली की तुझी आई गॅस बंद करते. का, ते तिलाही सांगता येत नाही.

घरातलं काही तू कोणाला सांगितलंस का? एवढंच लिही. गोड बोलू नकोस.

हौसाबाई,
तुझ्या बापाची आई


नोएडा, सेक्टर ६२
शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ती. आजी, सा. न.

मी कोणाला काही सांगितलेलं नाही, बिल्कुल नाही. तो आकडा आमच्या मालकांनी, दिलीप सरांनी, अंदाजाने काढला आणि नेमका बसला. नाव मात्र माझ्याच हातानं गेलं. पूर्ण नाव लिहा म्हणाले आणि हात शाळेत चालायचा तसा चालला. तूच शिकवलं होतंस, बापाचं नाव गाळायचं नाही.

पण खरी भीती पुढे आहे. गौरीजेवणाच्या दिवशी बाबा म्हणाले होते, आम्ही ज्या भावात विकतो त्यात विजेचं बिलही निघत नाही. तू, मी आणि अक्षता, तिघांनी ऐकलं. दिलीप सरांना हे माहीत नाही. पण बाबा त्याच खात्यात आहेत हे कळल्यापासून ते माझ्या मागे लागलेत. सोमवारी आयोगासमोर माझा जबाब आहे. वडील घरी काय बोलले ते सांग, केस तिथेच संपेल, म्हणतात. नाही सांगितलं तर दुसरी नोकरी शोध, असंही म्हणाले. आणि केस हरलो तर मी एकटा नाही, आमचा अख्खा मजला घरी जाईल. आमची तक्रार खोटी नाही गं.

बाबा कधी बोलले का, असं आयोगानं विचारलं तर मी काय सांगू? नाही म्हटलं तर शपथेवर खोटं. हो म्हटलं तर बाबांचं सगळं गेलं. कालपासून सरांची केबिन उघडली की मी उठून पाणी प्यायला जातो.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. माया पातळ करू नकोस.

तुझा अमोल


लक्ष्मीबाई नगर
शनिवार, दसरा

सांगू नकोस म्हणालास, म्हणून आधी सांगितलंच. घरात इतकी भीती साठली आहे की एकाची दुसऱ्यापासून लपवायला जागा नाही.

चि. अमोल यास आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

तुझं पत्र अक्षताकडून मोठ्यानं वाचून घेतलं, तुझ्या बापासमोर. मध्येच तिनं पत्र खाली ठेवलं. मी म्हटलं, वाच पुढे. गौरीजेवणाचं आलं तसा तो खुर्चीतच खचला. आधी म्हणाला, मी असं बोललोच नाही. मी म्हटलं, बोललास, मी तेव्हा पोळीवर तूप वाढत होते. मग म्हणाला, आई, तू विसर. साठीला आलेला माणूस मला विसर म्हणतो. मला दया नाही आली, धडकी भरली. उद्या हा तुलाही विसर म्हणेल, तू बापासाठी विसरशील, आणि पुन्हा कधी तुम्ही दोघं एका पंगतीला बसणार नाही.

मी त्याला सांगितलं, आपल्या घरात जेवताना बोललास, ती काही चोरी नाही. तूच जाऊन सांगितलंस तर ते नुसतं बोलणं राहील. पोराच्या तोंडून निघालं तर दोघंही फितूर ठराल.

तुझ्या आईनं श्रीखंड वाढलं ते तसंच राहिलं. मग म्हणाला, अमोलला कळव, त्याच्या आधी मी आयोगासमोर उभा राहतो, काय विचारायचं ते मला विचारा म्हणावं. एवढं बोलून शर्टाला इस्त्री करायला गेला. इस्त्री तापलीच नव्हती, तरी फिरवत होता.

पेन्शन राहील की जाईल, मला ठाऊक नाही. सोमवारी तो पायऱ्या चढेल की फाटकातून मागे फिरेल, तेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून मी बरोबर जाणार आहे. आत सोडलं नाही तर फाटकाशी बसेन, त्याला मागे फिरायचं असेल तर माझ्यासमोरून जावं लागेल. त्याच्यानंतर तुला विचारलं, तर ऐकलंस तेवढंच सांग. त्यात तिखटमीठ घालू नकोस, आणि गाळूही नकोस.

लोभ आहे तो वाढवू नकोस, टिकव.

हौसाबाई

ता. क. मालकानं सोमवारच्या आधी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. त्याला उत्तर तुझा बाप देणार. या पत्राला उत्तर तू द्यायचंस, उद्याच्या उद्या, आणि मला नाही. बापाला.