सर्वांना परवानगी

जव्हार, ४ नोव्हेंबर
येथे येऊन प्रसन्न वाटले. तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकास बोलीकोशाचा संपादक नेमणे, हा सुखद तर्कदोषच म्हणावा. खिडकीतून थेट दरी दिसते. कार्यालयात चार संगणक आहेत. प्रिंटर मात्र एकट्या सहसंपादक प्रमिलाताईंच्या संगणकाला जोडलेला. बाकीचे पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्या टेबलापाशी ताटकळतात. हे थांबेल.

६ नोव्हेंबर
बाजारातल्या इक्बालभाईंनी संगणक एकमेकांस जोडले. कोश, प्रिंटर, ही रोजनिशीही आता सामायिक फोल्डरात आहे. परवानगी कोणास, या प्रश्नावर मी 'सर्वांना' हा पर्याय निवडला. प्रमिलाताईंनी हरकत घेतली. त्यांच्या पाड्यावर आवतण नावानिशी देतात. सरसकट 'सगळ्यांनी या' म्हटले, की नको ती मंडळीही पंगतीला बसतात आणि ज्याचे त्याचे नाव घेऊन उठवल्याशिवाय उठत नाहीत. रूढी हे प्रमाण नव्हे, असे मी सुनावले. त्यावर टंकलेखक धनेश म्हणाला, की सरांच्या प्रमाणाला दार आहे, पण कडी नाय. त्याला समज दिली.

११ नोव्हेंबर
कोणीही आज्ञा न देता प्रिंटर चालला. कागदावर एकच शब्द: 'वाढा'. कोशातून भाकर, मीठ, आंबील या नोंदी नाहीशा झाल्या आहेत. धनेशाचाच खोडसाळपणा, त्याला काढून टाकले. प्रमिलाताई म्हणाल्या, की अनुमान फार घाईचे झाले, सर. त्याही निघून गेल्या.

१४ नोव्हेंबर
भांड्यांचे शब्द संपले. वायर काढली, प्रिंटर थांबत नाही. 'वाढा.' सकाळी चहा कशात ओतावा हे आठवेना. वस्तू हातात होती. तिला — म्हणतात.

१५ नोव्हेंबर
परवानगी काढू पाहिली. संगणक विचारतो, कोणाची? नावे मला ठाऊक नाहीत.

१७ नोव्हेंबर
नात्यांचे शब्द गेले. जिला मी अंगाखांद्यावर खेळवले, तिचा फोन आला. ती माझी — कोण, ते सांगता आले नाही. ती रडत होती.

— नोव्हेंबर
कोश रिकामा. आता या रोजनिशीतून — घेत आहेत. — ताईंना फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, नाव घेऊन उठवा. पण नाव —

कागद आला. 'वाढा', आणि त्याखाली माझे नाव. 'सर्व' या पदातून यजमान वगळता येत नाही. हे मीच शिकवीत असे. नाव एकदा वाचले. पुन्हा वाचू गेलो, तर तेथे —