भट्टी उद्याच उघडायची

श्री

उत्तरेश्वरा,

मी पालीला तुझ्या मावशीकडं चालले. शोधत हिंडू नको. तुमी दोघं आज हैदराबादला निघणार हे सगळ्या आळीला ठाऊक, आईला मात्र गाडीवाल्या आश्रुबाकडून कळलं. असू दे. कचेरीत कारकुनी मिळाल्यावर आईशी बोलायला सवड कुठली!

भट्टीत तुमच्यासाठी काचेचं तबक घातलंय. चंद्रभागा या घरात आल्यापासून तिच्या जेवढ्या बांगड्या फुटल्या, त्यांचे तुकडे मी गाडग्यात जपून ठेवलते. तेच साच्यात मांडून वितळवले. हिरवं-लाल लई झ्याक दिसंल. पण भट्टीचं तोंड मातीनं लिंपलंय, त्याला हात लावू नका. गरम काचेला गार वारा लागला की ती तडकते, हे काचाऱ्याच्या पोराला मी सांगावं? उद्या दुपारपर्यंत निवू द्या.

थांबा म्हणून मी म्हणणार न्हाई. घाई असंल तर उघडा आन् तुकडे घेऊन जा. आश्रुबाला मात्र मी सांगून ठेवलंय, बैलं उद्या जुंप म्हणून.

आज सांजच्याला मी येते. चंद्रभागेला म्हणावं, भाकरी तिघांच्या टाक.

आई