अर्धी किल्ली माझ्या घरी

मंगळवार, ३ जून

आज मला एक गुपित मिळालं. हे गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासूनचं पहिलंच.

दुपारी कुलूपबाईंनी बोलावलं. रुग्णालयाच्या संगणकांची सुरक्षा त्या बघतात, म्हणून सगळे त्यांना कुलूपबाई म्हणतात. त्यांनाही ठाऊक आहे, चालवून घेतात. मला वाटलं, रेकॉर्ड रूममध्ये माझ्या हातून काही बिघडलं. तसं नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि एक बंद लिफाफा पुढे सरकवला.

सांगितलं ते असं— रुग्णांची सगळी माहिती आता आपल्या तळघरात नाही. दूर कुठल्याशा कंपनीच्या यंत्रांवर आहे, क्लाउड म्हणतात ते. आत जायला पासवर्ड लागतो, वर मोबाइलवर होकार द्यावा लागतो. पण काही बिघडून खुद्द कुलूपबाईंवरच दार बंद झालं तर? त्यासाठी एक आणीबाणीचं खातं आहे. त्याचा लांबलचक पासवर्ड कागदावर छापून कागद मधोमध कापला आहे. अर्धा माझ्याकडे, अर्धा आणखी कुणाकडे. कुणाकडे ते मला कळायचं नाही, माझं त्यांना कळायचं नाही. एकाच्याच हातात सगळं नको, म्हणून.

मी विचारलं, मीच का?

"काकू, तुमच्या घरी दुसरं कुणी नसतं ना. येणंजाणंही नाही. म्हणून तर."

चांगल्या मनानं म्हणाल्या. लिफाफा पिशवीत घातला आणि घरी आले.

बुधवार, ४ जून

लिफाफा शब्दकोशाच्या वेष्टणात ठेवला. कुणाला सांगायचं नाही म्हणे. सांगणार कुणाला!

शनिवार, ७ जून

वाचनालयातून क्लाउडच्या सुरक्षेवरचं पुस्तक आणलं. ग्रंथपालांनी विचारलं, मुलासाठी का? म्हटलं, नाही, माझ्यासाठी. शाळा आठवीत सुटली, तेव्हापासून हाताला लागेल ते वाचत आले. यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. दोन गोष्टी कळल्या. ज्याला कामापुरतं जेवढं लागतं, तेवढंच दार त्याला उघडायचं. आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं दार बंद करायचं.

त्याच दिवशी! मी ह्यांचा टॉवेल अजून खुंटीवरून काढलेला नाही.

ह्यांना पुस्तक वाचून दाखवलं असतं तर सगळं ऐकून घेतलं असतं आणि म्हणाले असते, "बरं. मग चहा?"

गुरुवार, १२ जून

वन्संचा फोन. ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर दुसऱ्यांची मुलं शिकवली. त्यांच्या घरमालकाला खोली परत हवी आहे. दोन महिन्यांची मुदत दिली आहे.

"तुझ्याकडे येऊ का गं? तू एकटी, मी एकटी. दोन दोन चुली कशाला?"

म्हटलं, बघते. बघायचं काय? मागची खोली रिकामी आहे. पण घरात माणूस आलं की लिफाफा परत द्यावा लागेल. शिवाय वन्संना कपाटं आवरायची भारी हौस. दुसऱ्यांची.

असं लिहिलं खरं. खरी गोष्ट अशी की ह्यांच्यानंतर कुणी माझ्यावर एवढं काही सोपवलं नव्हतं. ते हातचं जाऊ नये असं वाटतं.

रविवार, २२ जून

फोन वाजला. राँग नंबर. पण बाई दोन मिनिटं छान बोलल्या.

सोमवार, ३० जून

नवा चाळा लागलाय— दुसरा अर्धा कुणाकडे ते ओळखायचं. मुख्य परिचारिका? घरात सहा माणसं, गुपित संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही. लिफ्टवाला? तो तर तिसऱ्या मजल्याची बातमी पहिल्यावर पोचवतो. म्हणजे असणार कुणीतरी माझ्यासारखंच, जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसणारं. आज मान वर करून बघितलं, तर असे पाच जण! इतकी वर्षं त्याच खोलीत डबा खाते, कधी दिसले नव्हते. त्यातल्या स्टोअरवाल्यांकडे बघून हसले. ते दचकले आणि डबा आवरून उठले.

शनिवार, ५ जुलै

वन्संचा पुन्हा फोन. म्हटलं, मागच्या खोलीला ओल आली आहे. आलेली नाही. त्या म्हणाल्या, असू दे, जमेल तेव्हा कळव. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. फोन ठेवून मागच्या खोलीत गेले, भिंतीला हात लावला. कोरडी ठणठणीत.

सोमवार, १४ जुलै

आज लिफाफा लागला.

कुलूपबाईंनी काल नियम कडक केला— यादीतल्या संगणकांवरूनच आत जाता येईल. नियम चालू झाला, यादी भरायची राहिली. सकाळी आठपासून सगळ्यांना दार बंद. त्यांनाही. कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचा रक्तगट काय, वॉर्डांत काही दिसेना. दोन शस्त्रक्रिया थांबवल्या. परिचारिका कागद-पेन घेऊन खाटेखाटेशी विचारत फिरत होत्या. पण बोलता येत नाही अशांना काय विचारणार?

मला निरोप आला. रुग्णालयाच्या गाडीनं घरी गेले, तशीच परत आले. साडेनऊला कुलूपबाईंच्या खोलीत बसले होते, लिफाफा मांडीवर.

त्या दुसऱ्या माणसाला फोन लावत होत्या. कुणी उचलेना. दहा वेळा लावला असेल. शेवटी माझ्यासमोरच ड्रायव्हरला सांगितलं— एक्स-रेवाल्यांच्या घरी जा.

एक्स-रेवाले! निवृत्त झाले तरी गुरुवार ते शनिवार अजून येतात. मी हेरलेल्या पाचांत ते नव्हतेच. मला ते दिसलेच नव्हते. सोमवार त्यांचा नव्हे, म्हणून आज ते नाहीत याचं कुणालाच काही वाटलं नाही.

ड्रायव्हर आणि पहारेकरी गेले. दार वाजवलं, शेवटी तोडलं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेले होते. शनिवार संध्याकाळपासून. खुब्याचं हाड मोडलेलं. शुद्धीवर होते. फोन टेबलावर, चार हातांवर. सकाळपासून वाजत होता तो सगळा त्यांनी पडल्या पडल्या ऐकला.

उचलून गाडीत घेताना पहिलं काय बोलले तर— "लिफाफा चादरींच्या घडीत आहे. फक्त बाईंच्या हातात द्या."

पावणेबाराला दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कापलेल्या कडा जुळल्या. मी वाचत गेले, कुलूपबाई टाइप करत गेल्या. उघडलं. बाहेर कुणीतरी ओरडलं की दिसतंय, दिसतंय. कुलूपबाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत.

"काकू, शोधून शोधून एकटी माणसं निवडली हो मी."

त्यांना पाणी दिलं.

मंगळवार, १५ जुलै

एक्स-रेवाल्यांना बघून आले. आमच्याच दुसऱ्या मजल्यावर आहेत. उद्या शस्त्रक्रिया. माझ्याकडे बरंच बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे दुसरा अर्धा तुम्ही." हसले. हसताना कळ आली, तरी हसले. त्यांची काही तक्रार नाही. संगणकांचं दार बंद झालं म्हणून सापडलो, म्हणाले, नाहीतर गुरुवारी कामावर आलो नाही म्हणूनच कळलं असतं. हवा-पाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. शेजाऱ्यांना हाका मारल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मग घसा बसला.

हे गेले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. एका हाकेला धावले. वाचवू शकले नाही. पण त्यांना दुसरी हाक मारावी लागली नाही. हे आजवर असं कधी मनात आलं नव्हतं.

गुरुवार, १७ जुलै

नवा पासवर्ड झाला. कुलूपबाईंनी नवा लिफाफा पुढे केला, मी घेतला नाही. का, विचारलं. म्हटलं, आता घरी मी एकटी नसते.

खोटं बोलले. वन्संना अजून या म्हटलेलं नाही. आता फोन लावते.