दर्शनाच्या भाषणातली आई

८ जाने.
तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा. विषय 'माझी आई'. दुसरं काही सुचतच नाही यांना. चौथीतून दर्शनाचं नाव दिलं. वर्गात चुरुचुरु बोलते. "माजी आय मानकोलीच्या गोडाऊनला पॅकिंगला जाते, कवा कवा डबल ड्युटी करते." पोरं खिळून ऐकतात. परीक्षकांपुढे नाही चालायचं हे. भाषण मीच लिहून देणार, सगळेच देतात.

११ जाने.
लिहिलं. आई झोपताना गोष्ट वाचून दाखवते, इंग्रजी कविता पाठ करून घेते, वाढदिवसाला घरी केक करते. कुणाची आई, देव जाणे. पोरीचं पाठांतर झटपट. हाय-न्हाय घालवताना माझाच घसा बसला.

१९ जाने.
पहिली आली! जमिनी विकलेल्यांची पोरं पिवळ्या बसने भिवंडीच्या इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे उरलीत ती विकायला काहीच नसलेल्यांची. त्यातली एक पहिली! मु.अ. पेढे वाटत सुटले. आता जिल्हा. मीही मिरवलं. का नाही मिरवायचं?

२६ जाने.
झेंडावंदनानंतर दर्शनाचं तेच भाषण. तिची आई खाडा करून आलेली, पुढेच बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ती तशीच बसून. नंतर माझ्याजवळ येऊन, "बाई, ही कोनाची आयस?" रागाने नाही, खरंच विचारत होती. म्हटलं, भाषणात असंच असतं हो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ फेब्रु.
दर्शना गप्प गप्प. भाषण म्हणते तेवढंच, एरवी तोंड उघडत नाही. संध्याकाळी फाट्यावर तिची आई भेटली. "मी घरी तिच्याशी बोलतच न्हाय आता. माज्या बोलन्यानं तिचं बिघडंल. तुमी येवडी मेहनत घेतली." अहो, असं करू नका, बोला तिच्याशी, म्हटलं. "न्हाय बाई, जिल्हा हाय." आणि हात जोडले. मला!

४ फेब्रु.
नाव मागे घेऊ म्हटलं, तर मु.अ. अंगावर आले. पटसंख्या, शाळेचं नाव, वगैरे. घेतलं तरी ती बाई बोलायला लागेल? मला नाही वाटत.
सरावानंतर दर्शना दप्तर भरता भरता, "बाई, आई माझ्याशी बोलत नाही. माझं काय चुकलं?"
एक शब्द सुधारायला नव्हता.
म्हटलं, चल, परत पहिल्यापासून म्हण.