बंड्याची भाकरी

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! आईने डब्यात एवढ्या पुऱ्या भरून दिल्यात की जणू मी निफाडला नाही, काशीलाच निघालेय. अगं, घरापासून तासाभराचा रस्ता! नाशिकच्या द्वारका चौकात गाडी मिळेपर्यंत मात्र जीव मेटाकुटीला आला.

जागा झकास आहे. चारी बाजूंनी द्राक्षबागा, मधे बंगला, मागच्या अंगाला माझी स्वतंत्र खोली. प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये दिवसभर लाडावलेल्या कुत्र्यांची नखं कापून मला वैताग आला होता. इथे एकच कुत्रा सांभाळायचा आहे. मालक रविराजदादा अबोल, उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वावरतात. त्यांची बायको मोहिनीवहिनी, बोलायला साखर. स्वयंपाकाला मालनबाई आहेत. त्यांनी मला पाहताच विचारलं, लगीन झालं का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बरं हाय, नवऱ्यापरीस कुत्रं बरं. आमचं जमणार!

आणि बंड्या. काळाभोर, गावठी, वयाने खरं तर ताज्या दमाचा असायला हवा. मला पाहून उठलाही नाही. शेपूट थोडी आपटली आणि पुन्हा डावा पुढचा पाय चाटायला लागला. पंजाच्या वरचे केस गेलेत, कातडी लाल आणि ओली, मधोमध जखम. वहिनी म्हणाल्या, हा टिकायला हवा हो, आधीचे टिकले नाहीत. मी म्हटलं, टिकेल की, स्नेहल आलीय ना आता!

६ नोव्हेंबर

कुत्रं स्वतःला चाटायला-चावायला लागलं की लोक म्हणतात, सवयच आहे त्याला. डोंबलाची सवय! गोचीड असते, पिसवा असतात, बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते, एखादं अन्न सोसत नाही, सांधा दुखतो. यातलं काहीच नसेल तर कंटाळा नाहीतर भीती. एकटं बांधून ठेवलेलं कुत्रं करणार काय, पेपर वाचणार? ते स्वतःलाच चाटत बसतं. चाटलं की जरा बरं वाटतं, म्हणून आणखी चाटतं. मग जखम होते, जखम खाजते, की पुन्हा चाटणं आलंच. ओरडून तर काही उपयोग नसतो, घाबरून ते जास्तच चाटतं.

आज कामाला लागले. पहिल्यांदा साखळी सोडली. सगळं अंग विंचरून पाहिलं, कानामागे गोचीड सापडली, ती काढली. पंजे धुऊन कोरडे केले. जखमेला तोंड पोचू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला. लग्नात पाहुण्यांनी फेटा बांधायला लावल्यासारखं तोंड केलं होतं त्याने. आमच्या क्लिनिकच्या डॉक्टर शेखरना फोटो पाठवले. त्यांनी मलम आणि गोळ्या सांगितल्या, वर हेही सांगितलं की जखम हाडाला लागली तर पाय कापावा लागेल. मी तसं होऊ देणार नाही.

१० नोव्हेंबर

औषध चालू आहे, पण फरक नाही. कोन काढला की तोंड पायावरच. आता खाण्याची परीक्षा. काही आठवडे फक्त मी शिजवलेला भात आणि अंडं, दुसरं कणभरही पोटात जाता कामा नये. तरच कळेल काय सोसत नाही ते.

अडचण एकच. रोज सकाळी वहिनी बाजरीची एक भाकरी त्याला पाठवतात. जाडसर, तूपगुळाची. स्वयंपाकीणबाई असताना ही एकच भाकरी वहिनी स्वतः थापतात आणि आतल्या खोलीतून झाकून आणतात. घरातली एक भाकरी कुत्र्याची असते, हे आमच्याकडेही आहे. पण मी परीक्षेचं सांगितल्यावर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, काहीही बंद करा, ही भाकरी बंद करायची नाही, त्यानेच खायची, टाकायची तर मुळीच नाही.

आता यांच्याशी कोण वाद घालणार! मी मान डोलावली, भाकरी खोलीत आणली आणि दार लावून घेतलं. अन्न टाकवत नाही हो माझ्याच्याने. पानात चार शितं राहिली तरी आई बोलून जीव घ्यायची. शेवटी मीच खाल्ली. काय चव होती म्हणून सांगू!

१९ नोव्हेंबर

बंड्याने आज दुपारभर पायाला तोंड लावलं नाही! मी नाचले अक्षरशः. सकाळ-संध्याकाळ बांधावरून लांब फिरवून आणते, भात कागदात गुंडाळून लपवते, मग साहेब हुंगत हुंगत शोधतात. "बंड्या, ये" म्हटलं की असेल तिथून धावत येतो. मालनबाई म्हणतात, ताई, ह्ये कुत्रं तुझ्या मागं लागलं, आता तुझं लगीन झाल्यागत हाय.

म्हणजे दोष भाकरीचाच होता. ती मी रोज संपवते, वहिनींना काही बोलत नाही. कशाला उगीच त्यांचं मन मोडा.

३० नोव्हेंबर

जखमेवर खपली आली, कडेने बारीक काळे केस फुटलेत. डॉक्टर शेखरनी फोटो बघून शाबासकी दिली. त्यांची शाबासकी म्हणजे उंबराचं फूल.

रविराजदादा आज अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून अंगणात आले. डाव्या मनगटावर जुना, मोठा, सुरकुतलेला व्रण आहे. हसून बोलले, बंड्याच्या पाठीवर थाप मारली. आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. बंड्या मात्र माझ्या पायामागे लपला.

मला मनगटाला खाज येतेय. बागेत औषध फवारलंय, त्याचं असेल.

८ डिसेंबर

खाज थांबत नाही. खोबरेल लावलं, गोळी घेतली, साबण बदलला. डावं मनगट, आतल्या बाजूने नाही, वरच्या बाजूने. आज दूध तापवत होते. वास आला म्हणून पाहिलं तर दूध सगळं उतू गेलेलं आणि माझा हात माझ्याच तोंडात. किती वेळ चाटत होते कोण जाणे. कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

लाज वाटली. हे कुणाला सांगायचं?

सकाळी भाकरी खाल्ली की तासभर बरं वाटतं. म्हणून बरं.

१२ डिसेंबर

केस गेले. लाल झालंय. मधोमध फुटलंय.

मला हे रूप माहीत आहे. ही जागा, हा आकार मी महिनाभर रोज धूत होते, पुसत होते, मलम लावत होते. तेव्हा ती बंड्याच्या पायावर होती. त्याच्या पायावर आता केस आलेत, चकचकीत.

घाबरलेय मी. खूप घाबरलेय.

१४ डिसेंबर

मालनबाईंनी माझा हात पाहिला आणि भांडं टाकून तो जवळ ओढून घेतला. विचारत होत्या, ती भाकर तू खाल्ली? उताऱ्याची भाकर तू खाल्ली, माझे माय?

मग सगळं सांगितलं. बागेत पंपाच्या खोलीशी एक काळी कुत्री बांधलेली असायची. घरातलं लग्न निघालं, सगळे गावाला गेले. जाताना तिची साखळी सोडायचं काम रविराजदादांवर होतं, ते विसरले. परत येऊन पाहिलं तर तिने सुटायला स्वतःचाच डावा पाय कुरतडला होता. हाडापर्यंत. तशीच मेली होती, साखळीत. त्या दिवसापासून दादा आपला हात चावायला लागले. दवाखाने झाले, मग कुणीतरी उतारा सांगितला. भाकरी दादांवरून उतरवायची आणि काळ्या कुत्र्याला घालायची. मग कुत्रीचं ते दुखणं दादांवरून तो घेतो. एक मेला की दुसरा आणायचा.

म्हणजे "टिकायला हवा" ते एवढ्यासाठी. आणि मी शहाणी, दार लावून, तूपगुळ चाटून चाटून —

मालनबाई रडत होत्या. मला वाटलं तू त्याला घालती, म्हणत होत्या, मला काय ठाव.

१५ डिसेंबर

आज भाकरी बंड्याच्या भांड्यात आली नाही. वहिनींनी माझा हात पाहिला आणि ती माझ्या ताटात वाढली. पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, तुम्ही आता घरच्याच.

मी ताट भिरकावलं. तासाभराने फरशीवरून वेचून खाल्ली.

१६ डिसेंबर

पळाले. बॅग तशीच टाकून. निफाडच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली, चढले, खिडकीशी बसले. भाकरी खाल्ली नव्हती. गाडी सुटायच्या आत असं काही उसळलं की मी सगळ्यांसमोर हात तोंडात कोंबला आणि चावले. बाजूची बाई किंचाळली. कंडक्टरने खाली उतरवलं. तिच्या पदरावर, सीटवर रक्त.

चालत परत आले. कुणी बोलावलं नाही, कुणी धरलं नाही. गेट उघडंच होतं. बंड्या धावत आला.

१७ डिसेंबर

डॉक्टर शेखरना फोटो पाठवला. त्यांना वाटलं बंड्याचा आहे. म्हणाले, हाड दिसतंय, हा पाय वाचणार नाही.

त्याचा कोन मी गळ्यात घातलाय. तोंड पोचत नाही. पोचत नाही म्हणून भिंतीवर घासते.

१८ डिसेंबर

वहिनी येऊन बसल्या. अगदी प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, एवढा त्रास का काढता, तुम्हीही उतरवा आणि बंड्याला घाला, आता तो धडधाकट आहे, तुम्हीच तर केलात, दोनचार वर्षं सहज काढेल. आणि त्याला काय कळतंय?

पीठ ठेवून गेल्या.

त्याला सगळं कळतं. मी रडले की डोकं मांडीवर ठेवतो.

नाही घालणार. मी मेले तरी —

१९ डिसेंबर

आईचा फोन. घेतला नाही. काय सांगू आई, अन्न टाकलं नाही म्हणून?

दुखतंय. आई गं. दुखतंय

दुपारी — पीठ मळलं. एका हाताने. का मळलं मी

२० डिसेंबर

भाकरी झालीय. उतरवली. अंगावरून तीनदा. करून टाकलं.

मग भानावर आले. बंड्याला गेटबाहेर घातलं. गेट लावलं. जा म्हटलं. ओरडले. ढेकूळ मारलं. मालनबाईंना म्हटलं, याला लांब सोडून या, सुरगाण्याला, कुठेही, मला सापडणार नाही असा. त्या घेऊन गेल्या.

बरं झालं. वाचला तो. आता ही भाकरी मीच —

गिळत नाही. माझ्यावरून उतरलेली मलाच चालत नाही. तोंडातून बाहेर येते.

नख वाजतंय दारावर.

तोच आहे. दोर तोडून आलाय. शेपूट हलवतोय.

मी "ये" म्हटलं का? मी नाही म्हटलं. तोंडातून गेलं. नको, बंड्या, जा ना रे. तो बसलाय समोर. शहाण्यासारखा. मी शिकवलं तसा.

उजव्या हाताने लिहितेय. लिहीत राहिले तर निदान हा एक हात तरी — डाव्यात भाकरी आहे. मी उचललेली नाही. डावा हात पुढे चाललाय, मी मागे ओढतेय, माझं ऐकत

तो हुंगतोय. बंड्या, नको. तोंड उघडलं त्याने. माझ्याकडे बघतोय, घेऊ का म्हणून

नको म्हण स्नेहल, मोठ्याने म्हण, त्याला कळतं, तू नको म्हटलंस की तो घेत ना