खंडेनवमीची सुपारी

॥ श्री ॥

सोनागिरी, भोपाळ
२५ सप्टेंबर २०२५

ती. शशिकलावन्सं यांना रत्नप्रभाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल काल पोचलं. आत मिळालं ते असं : संत्रा बर्फीचे दोन डबे, सांडगी मिरची अर्धा किलो, श्रुतीसाठी मोतिया रंगाची साडी आणि गव्हल्यांची पिशवी. पिशवी वाटेत फाटली, पण गव्हले मी साडीच्या घडीतून वेचून काढले, एकही वाया गेला नाही. टपालाचे एकशे ऐंशी उगाच भरलेत. इकडे येणारं कुणी असेल तर त्यांच्याबरोबर देत जा.

कालच दुसरंही पार्सल आलं, श्रुतीच्या नावानं. दोन बाटल्या, दोन हजार चारशे रुपये. एकीत गाडीचा हवेचा फिल्टर धुवायचा साबण आणि दुसरीत धुतल्यावर त्याला लावायचं तेल. मी शेंगदाणा तेलाचा डबा घेताना चार दुकानं फिरते आणि इथे फिल्टरला अभ्यंगस्नान.

फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून लिहूनच सांगते. तुम्ही विचारलंत, पोरगी रविवारी करते काय. लाज वाटते, वन्सं. गाडीखाली झोपते. मंडीदीपच्या कारखान्यात लागली तेव्हा ही जुनी, दोन दारांची जपानी गाडी तिनं घेतली, त्याला सात वर्षं झाली. तिच्यात टर्बो म्हणून एक भिंगरी असते. इंजिनाच्या धुरानं ती फिरते आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबते, म्हणून गाडी पळते. मूळची भिंगरी हिला लहान वाटली, मोठी बसवली. मग भिंगरीला साजेसे पाइप, पाइपांना साजेसं आणखी काही. वर लॅपटॉप जोडून, कधी किती पेट्रोल प्यायचं ते गाडीला शिकवत बसते. सात वर्षांत ते शिकवणं संपलेलं नाही. तेल बदलायची वेळ आली की बदलायचं, मग घरात बारसं असो की श्राद्ध. फिरून आली की लगेच बंद करत नाही, भिंगरी निवेपर्यंत चालू ठेवते. मी खिडकीतून ओरडते की पेट्रोल जळतंय. ती म्हणते, आई, उकळतं दूध तू लगेच फ्रिजमध्ये ठेवतेस का.

आणि ती गाडी शिंकते. थट्टा नाही. वेग सोडला की फिस्स करून शिंकते, तीही फाटकाबाहेर पडता पडताच. मी मनात रामरक्षा सुरू करते.

नवरात्रात सवाष्णी येतात आणि कुंकू लावायला ही काळी नखं घेऊन उभी. श्रुतीसाठी बोलणं चाललंय त्या वरुणच्या आईंनी, रजनीताईंनी, फोनवर विचारलं की मागे आवाज कसला. मी सांगून टाकलं, शेजारच्यांची गाडी. तेव्हा तिकडे बोलणं निघालं तर तुम्हीही गाडीचं नाव काढू नका.

खंडेनवमीला ह्यांची हत्यारं, शिवणयंत्र, स्कूटर यांची पूजा करतेच. यंदा तिच्या गाडीचीही करणार आहे, चांगली बॉनेट उघडून. देवाकडे मागणं काय, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आजवर लावलात तो जीव तसाच राहू द्यावा.

आपली,
रत्नप्रभा

॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
२९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रत्नप्रभा हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून हसले. गाडी शिंकते म्हणून रामरक्षा म्हणतेस, तर श्रीकांतला सर्दी झाली की काय सप्ताह बसवतेस? लहानपणी तो इतका शिंकायचा की आमची आई दाराशी उभी राहून कंटाळायची. कारखान्यात जन्म घालवून त्याची नखं कोणती गोरी होती? तेव्हा तुला लाज वाटली नाही, उलट क्वार्टरभर मिरवायचीस.

गाडी शेजारच्यांची, हे मात्र मला आवडलं नाही. उद्या लग्नानंतर शेजारी येऊन न्यायचेत का?

पूजा कर बाई, पण पोरीला विचारून कर. माझं शिवणयंत्र तिनं मागच्या वर्षी खोललं तेव्हा मला एक सुई इकडची तिकडे करू दिली नव्हती. एकेक तुकडा कागदावर मांडून, त्याच क्रमानं परत लावला. आजतागायत कुरकुरलं नाही.

वरुणची मंडळी दिवाळीनंतर मुलगी बघायला तयार आहेत. श्रुतीला माझ्याकडे चार दिवस पाठव.

तुमच्यावरची माझी माया काही कागदावर मावायची नाही.

तुझी,
शशिकलाताई

॥ श्री ॥

सोनागिरी, भोपाळ
१४ ऑक्टोबर २०२५

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशिरा मिळालं. तोवर व्हायचं ते झालं होतं.

दसऱ्याला श्रुतीनं धुतलेला फिल्टर बसवला आणि गाडी सुरू केली. ह्यांना पुढे बसवून सोनं द्यायला बरखेड्याला निघाली. कोपऱ्यावर जाताच आतून असा आवाज आला, जसा मिक्सरमध्ये चमचा राहावा. ढकलत परत आणली. रात्रभर झोपली नाही आणि सकाळी सगळं खोललं. भिंगरीची पाती तुटली होती.

तिच्या मोजणीत एक छोटा स्क्रू कमी भरतोय. तो आपल्याच हातून पाइपात राहिला, असं तिनं ठरवलं. मी बघितलं, ती ओट्याखाली, पायपुसण्याखाली, स्कूटरच्या डिकीतसुद्धा शोधत होती. मग शोधणं थांबवलं. उरलेले सुटे भाग बघितलेही नाहीत, खोक्यात कोंबले. ह्यांनी समजावलं की यंत्र आहे, चूक होते. ती म्हणाली की बाबा, ज्याला स्क्रू मोजता येत नाही त्यानं गाडी खोलू नये. इंदूरच्या एका माणसाला गाडी आहे तशी देते म्हणून कळवलंय. आणि वन्सं, तिनं आपण होऊन मला विचारलं की नागपूरला कधी जायचं.

माझं मागणं देवानं ऐकलं, असं म्हणायला हवं. साडीला फॉल लावला, ब्लाउज शिवायला टाकलं. तरी घास गोड लागत नाही. एक पाइप धुवायला तिनं माझ्याकडे दिला होता. मी मोरीत धुतला. त्यातून काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही.

श्रुती भाऊबीज करून निघेल. तिच्याकडे लक्ष असू द्यावं, आणि माझ्यावर राग असला तरी लोभही असू द्यावा.

आपली,
रत्नप्रभा

॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
३० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रत्नप्रभा हीस आशीर्वाद. वि. वि.

श्रुती पोचली. साडी तिला शोभते. वरुणची माणसं येऊन गेली. मुलगा बरा आहे, कमी बोलतो पण नजरेला नजर देतो. रजनीनं पोह्यांचं कौतुक केलं, ते मी केले होते. सगळं तुझ्या मनासारखं झालं, तेव्हा आता पेढे वाट.

आता जे तुला कुणी सांगणार नाही ते सांगते. वरुणनं छंद विचारला तर पोरगी म्हणाली, काही नाही. मी बाजूला बसले होते, कानात यंत्र होतं, बरोबर ऐकलं.

आणि काल माझा मिक्सर बंद पडला. मी तो उचलून तिच्यापुढे ठेवला. हीच पोर दहा वर्षांची असताना माझा रेडिओ उघडायला स्टुलावर चढली होती. तिनं मिक्सरला हातसुद्धा लावला नाही. आत्या, मिस्त्रीकडे दे, म्हणाली, माझ्या हाताचा भरवसा नाही. मग वेलची सोलत बसली. बाप्पा, मी सत्तरी ओलांडली, पण सोललेली वेलची बघून रडू यावं असं कधी झालं नव्हतं.

पाइपातून काय निघालं? लिहिण्यासारखं नसेल तर मला लिहू नकोस. ज्याला लिहायला हवं त्याला लिही. ती अजून आठवडाभर इथेच आहे.

रागावले असले तरी परकी झालेली नाही.

तुझी,
शशिकलाताई

॥ श्री ॥

सोनागिरी, भोपाळ
३ नोव्हेंबर २०२५

चि. श्रुतीस आईचे अनेक आशीर्वाद.

सोबत कागदाची पुडी आहे. आधी ती उघड, मग पुढे वाच.

स्क्रू तुझा आहे. केर काढताना गाडीजवळ सापडला होता. चांगली वस्तू कचऱ्यात कशाला, म्हणून मी बटणांच्या डब्यात टाकला आणि विसरले. पाडव्याला ह्यांच्या शर्टाचं बटण शोधताना तो हाती लागला. तेव्हा तू शेजारच्या खोलीत होतीस. मी डबा बंद केला.

अर्धी सुपारी माझी आहे. खंडेनवमीला तू अंघोळीला गेलीस. बॉनेट उघडं होतं, फिल्टर वाळत होता आणि पाइपाच्या तोंडात तू फडकं कोंबलं होतंस. पूजेच्या वस्तूच्या तोंडात बोळा बरा दिसेना, म्हणून काढला. हळदकुंकू वाहिलं. आणि समोर तोंडच उघडं दिसलं तेव्हा देवाला देतो तसं सुपारी आणि अक्षता तोंडात दिल्या. सुपारी घरंगळत आत गेली. मला वाटलं, स्वीकारली. फडकं होतं तसं लावून ठेवलं.

मागितलं काय, तेही लिहिते. ही गाडी या घरातून जाऊ दे, असं मागितलं.

तू पाइप धुवायला दिलास तेव्हा त्यात पिवळा तांदूळ होता, सुपारीचा भुगा होता. बघितला आणि नळ पूर्ण सोडला. तू बाहेरून विचारलंस की काही निघालं का. मी म्हटलं, माती. मग तू नागपूरला जायला तयार झालीस आणि मला बरं वाटलं. रोज देवापुढे बसते पण त्या दिवसापासून वर बघवत नाही.

वन्संचं पत्र आलं तशी तुझं खोकं उघडलं. भिंगरीला जोडतेस तो रबरी कोपर वर्तमानपत्रावर उलटा करून आपटला. घडीत अडकलेली ही अर्धी सुपारी पडली. कुंकू अजून आहे, बघ. म्हणजे तुझी मोजणी बरोबर होती. तुझे हात बरोबर होते.

काल इंदूरचा माणूस ट्रक घेऊन आला. मी सांगितलं, गाडी विकायची नाही. तो म्हणाला की मॅडमनी जबान दिली आहे. मग ह्यांच्यासमोर, ट्रकवाल्यासमोर, फाटकात उभं राहून सुपारीचं सगळं सांगितलं. हसावं की पाया पडावं, त्या माणसाला कळेना. ह्यांनी आतून चादर आणून तुझ्या गाडीवर घातली. तुला न विचारता पुन्हा एकदा ढवळाढवळ केली, ते खरं. गाडी ठेवायची की द्यायची ते तूच ठरव. त्याचा नंबर ह्यांनी घेऊन ठेवला आहे, आणि किल्ली तुझ्या टेबलावर आहे. देवघरात ठेवणार होते, मग म्हटलं तिथे नको.

रजनीताईंनाही फोन केला. गाडी शेजारच्यांची नाही, माझ्या लेकीची आहे, सात वर्षं तिनं ती हातानं सांभाळली, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, वरुणशी बोलते. त्यांचं काय ठरायचं ते ठरो.

आईनं लेकीची माफी कुठल्या शब्दांत मागायची, ते मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवलं नाही. तू समजून घे, नाही समजलीस तरी चालेल. रागाचं लिहिलंस तरी पत्र पत्रच.

आत्यानं मिक्सर अजून मिस्त्रीकडे दिला नसेल तर उघडून बघ. काय बिघडलं होतं ते उलट टपाली कळव. गाडीचं मागाहून लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आई