चिमणीचा डावा पंख

९ सप्टेंबर, सकाळी
ठरलं. आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरचं वेबपेज मी करणार. मॉनिटरने ग्रुपवर विचारलं, कोण करतंय? ती शाळेत मॉनिटर होती, सहासष्टाव्या वर्षीही आहे. कुणी हात वर केला नाही. मी केला.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. माझ्या बाकावर जी बसायची तिला सगळे चिमणी म्हणत. भरतकामाच्या तासाला आम्ही दोघींनी एकाच रुमालावर एक चिमणी भरली होती. उजवा पंख माझा, डावा तिचा. रुमाल माझ्याकडे राहिला. तीच चिमणी पेजवर पंख हलवणार. माझी मैत्रीण बघेल, हसेल, आणि नऊ वर्षांचा अबोला संपेल. मग मी फोन करीन. नंबर या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. आधी पेज, मग फोन.

११ सप्टेंबर
सुनेचं कामच हे. तिने तासभर बसून शिकवलं. एसव्हीजी म्हणजे फोटो नव्हे, रेघांनी काढलेलं चित्र. प्रत्येक रेघेला नाव देता येतं. सीएसएस म्हणजे त्या रेघांना लिहून सांगायचं, कुठला रंग ल्यायचा, कधी हलायचं. म्हटलं, हे तर भरतकामच. आठ दिवसांत होईल.
सून म्हणाली, आई, नुसता फोन केलात तर? हुशार आहे, पण माणसांची जाण अजून यायचीय.

१२ सप्टेंबर
रुमालावरून चित्र गिरवलं. उजवा पंख जाड आला. मूळचाच तसा आहे. भरतकाम शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, तुझे टाके घाईचे, तिचे मायेचे. तेव्हा राग आला होता. अजून थोडा आहे.

१७ सप्टेंबर
पाच दिवस चिमणीला तपकिरी रंग देतेय. काळी ती काळीच. ह्यांना सांगितलं, लॅपटॉप म्हातारा झालाय. हे म्हणाले, तुझ्यापेक्षा साठ वर्षांनी लहान आहे.

१८ सप्टेंबर
लॅपटॉपचा दोष नाही. मी चित्र फोटोसारखं पेजवर लावलं होतं. म्हणजे काचेच्या बंद कपाटात. पेजवरून सीएसएसने कितीही हाका मारल्या तरी आत ऐकू जात नाही. चित्राच्या सगळ्या ओळी पेजमध्येच उतरवून घ्याव्या लागतात. सून म्हणाली, ही चूक सगळेच करतात.
उतरवल्या. चिमणी तपकिरी झाली. आठ दिवस आजपासून मोजायचे.

२४ सप्टेंबर
पंख हलवायला घेतला. आधी डावा, तिचा. पंख अंगापासून सुटला, पेजच्या वरच्या कोपऱ्याकडे गेला, गिरकी घेऊन परत आला. पुन्हा गेला. दिवसभर हेच. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, चिमणी राहिली सासरी, पंख गेला माहेरी. कलेच्या वेळी मी बोलत नाही.

२५ सप्टेंबर
सुनेने बघितलं. म्हणाली, आई, पंख शिवलाय कुठे ते तुम्ही सांगितलंच नाही. कशाभोवती फिरायचं ते लिहिलं नाही तर रेघ स्वतःच्या सांध्याभोवती फिरत नाही, सगळ्या चित्राच्या कोपऱ्याभोवती फिरते.
सांधा मोजायला रुमाल काढला. उलट्या बाजूने तिच्या पंखाला एकही गाठ नाही. माझ्या पंखाला सात.

२९ सप्टेंबर
आज काम नाही. पाठ दुखतेय.
नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा हॉस्पिटलमध्ये होता. तिचा फोन आला. एवढंच म्हणाली, "येशील का गं? एकटीच बसलेय." मी म्हटलं, "उद्या येते." उद्या शिंप्याकडून पडदे आणायचे होते. परवा ते लावायचे होते. पाचव्या दिवशी मॉनिटरने कळवलं, तो गेला. मग कुठल्या तोंडाने जायचं? म्हणूनच नुसता फोन बरा दिसणार नाही. काहीतरी हातात हवं.
पडदे अजून चांगले आहेत.

५ ऑक्टोबर
दोन्ही पंख हलतात! फार जोरात हलतात. हे म्हणाले, टेबलफॅन लावलायस का? वेग कमी केला.
आता नवी कल्पना. चिमणीची कडा टाक्याटाक्याने भरली जाताना दिसेल, जणू कुणी सुई चालवतंय.

७ ऑक्टोबर
कडा भरली जाते. शेवटचा टाका पडतो आणि सगळी नाहीशी होते. सून म्हणाली, संपल्यावर तसंच राहायचं, हे वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर केलेलं सगळं पुसून पहिल्यासारखं होतं.
माणसाच्या आयुष्यात ही सोय नाही. बराच वेळ ती ओळ न लिहिताच बसले होते.

१० ऑक्टोबर, दुपारी
झालं! ग्रुपवर पाठवलं. सतरा जणींनी हृदयं पाठवली. मॉनिटरने लिहिलं, चिमणी सुंदर, पण कार्यक्रम कधी आणि कुठे आहे ते लिहिलेलं नाही. बारीकसारीक गोष्टींत अडकणं तिचं जुनंच.
चिमणी ग्रुपवर नाही. मॉनिटरने पेज तिच्या मुलीला पाठवलं. आता तिचाच फोन येईल. मी केला तर घाई दिसेल.

१३ ऑक्टोबर
फोन नाही. आज तीन वेळा वाजला. गॅसवाला, ह्यांचा भाऊ, चुकीचा नंबर. चुकीच्या नंबरशी जरा जास्तच बोलले.

१५ ऑक्टोबर
चिमणीच्या मुलीचा निरोप आला. मॉनिटरने जसाच्या तसा पाठवला. "मावशींना सांगा, पेज छान आहे. पण आईची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली. पंख हलतात हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, डावा पण? त्यांनी फोन केला तर तिला खूप बरं वाटेल. चार ते पाच ती एकटीच असते, फोन हाताशी घेऊन बसते."
सुनेने निरोप वाचला. माझा फोन आणून टेबलावर ठेवला.

१६ ऑक्टोबर
रात्रभर विचार केला. मार्ग सापडला. दिसत नसेल तर ऐकू येतं. चिमणीला आवाज द्यायचा. पेज उघडलं की चिवचिवाट. सून म्हणाली, आवाज सीएसएसने येत नाही, वेगळं शिकावं लागेल. मग शिकू. आठ दिवसांत होईल.
घरात त्यातल्या त्यात शांत वेळ हवी. चार ते पाच ठरवलीय. त्या वेळात फोन बंद ठेवणार.